पाडलेल्या आखाड्याचं कार्ड

अमरावतीचे ते वकीलसाहेब पाडलेल्या मैदानांची चित्रकार्डं जमवत. मैदान उभं असेतो त्यांना त्याच्याशी देणंघेणं नसे. पाडलं, की यांचा जीव त्यात अडकला. विलायतेतले क्रिकेटचे सज्जे, मुंबईकडचा कुठला तरी जिमखाना, सगळं अल्बमात बसवलेलं. स्वतः जन्मात कधी चेंडू अडवला नाही की शड्डू ठोकला नाही. गावातला कुस्त्यांचा आखाडा, लाकडी पायऱ्यांसकट, मोटारींच्या अड्ड्यासाठी पाडायचं कमिटीत ठरलं, तेव्हा यांनीही हात वर केला होता. मग त्याच आखाड्याचं कार्ड शोधत फिरले. असल्या माणसाला आमच्या अकोल्यात एक शब्द आहे, पण तो कागदावर लिहीत नाहीत.

त्यांच्या दारात मला जावं लागलं ते आईपायी.

आम्ही माळी. मोर्णेकाठी वांग्या-मेथीचा मळा होता, आणि मळा सांभाळून वडील कुस्ती खेळत. अमरावतीच्या त्या आखाड्यात त्यांनी एकदा मोठी कुस्ती मारली, त्या दिवशी फोटोवाल्यानं आखाड्याचं चित्र काढलं. त्यात उजव्या कडेला फेटा बांधून तेही उभे राहिले. पुढे त्याची कार्डं निघाली, त्यातली आठ-दहा त्यांना मिळाली. ती त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली. त्यांचा दुसरा फोटो कधी निघाला नाही.

मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो आणि मला बापाची लाज वाटायला लागली. अंगाला माती फासून चारचौघांत लंगोटावर उभं राहायचं म्हणजे काय! त्यांची एकही कुस्ती पाहायला मी गेलो नाही. ते वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी होती, पोस्टाची खिडकी बंद. सोयऱ्याधायऱ्यांना कळवणं तर भाग होतं. काका म्हणाले, "घरात कार्डं हायेत का?" तिकिटं होती, साधी कार्डं नव्हती. मी ट्रंक उघडली, बापाची होती नव्हती ती सगळी कार्डं काढली आणि प्रत्येकाच्या मागं एकच मजकूर खरडला. पुढचं चित्र उलटून पाहिलंसुद्धा नाही.

मौतीचं कार्ड आपल्यात कोणी घरात ठेवत नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. तेल्हाऱ्याला आत्यानं फाडलं, मामानं फाडलं, सगळ्यांनी फाडलं. त्यांचं बरोबरच होतं. शिकलेला गाढव मीच.

काही वर्षांनी आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्यायचं तोंड आता डोयापुढं येत नाई रे. ट्रंकेत कार्डं होते ना? काढ बरं एक." मी सांगितलं, वाळवीनं खाल्ली. ती हातातली जुडी तशीच धरून बसली. दुसऱ्या दिवसापासून मी कार्ड शोधायला लागलो.

वडील गेल्याचं धामणगावच्या एका कापूसदलालालाही मी तेव्हा कळवलं होतं. कुस्त्यांचा शौकीन माणूस, वडिलांवर जीव होता त्याचा. पण त्याला ना सोयर ना सुतक, म्हणून कार्ड फाडलं नव्हतं. ते त्यानं वकीलसाहेबांना देऊन टाकलं होतं.

साहेबांनी अल्बम उघडला. "कार्ड सुरेख आहे हो मास्तर. फक्त कडेचा हा गडी उगाच तडमडलाय. चित्राची शोभा जाते."

"ते माझे वडील," मी म्हणालो.

"असं? मग तेवढा तुकडा तुम्ही न्या. मला पायऱ्या आणि मागचं तिकीट पुरे." आणि त्यांनी कात्री काढली.

कात्री कार्डावर टेकली. मी त्यांचा हात धरायला हवा होता. पण निदान तुकडा तर मिळतोय, म्हणून कापू दिलं, आणि वर 'आभारी आहे' म्हणालो. त्या माणसाला मी आजही नावं ठेवतो; पण त्यानं एकच कार्ड कापलं, बाकीच्यांची वाट मी लावली होती.

घरी आईनं तुकडा डोळ्यांजवळ नेला. "हेच," ती म्हणाली. "मिशी एकाच अंगानं वर राहे." बराच वेळ पाहून तिनं तो उलटला. तिला अक्षरओळख नव्हती. "मांगं काय लिवलं हाय?"

मागं माझंच अक्षर होतं. 'आमचे वडील काल पहाटे वारले. कार्ड वाचून फाडून टाकावे.' रीतीला आई पक्की. खरं वाचलं असतं, तर ती उठून उंबऱ्याबाहेर गेली असती.

मी वाचलं, "आजची कुस्ती मारली. घरी काळजी नसावी."

"कोनाकडून लिवून घेतलं असन," आई म्हणाली. "मले कधी सांगतलं नाई त्यायनं." तिनं तुकडा देवांपाशी ठेवला.

तेव्हापासून सांजवात झाली की आई तो तुकडा माझ्या हातात देते आणि समोर बसते. मी वाचतो. रोज तेच, एक अक्षर इकडचं तिकडं न करता, कारण आता तिला ते पाठ आहे.