आलं, का येऊन राहिलं?

परिसंवादात कुणी ‘संकट आले आहे’ म्हटलं, की शेवटच्या रांगेतून एक हात वर जायचा. “सर, आलं, का येऊन राहिलं?” सभागृह खो खो हसायचं आणि पाहुणे वक्ते पाण्याचा ग्लास उचलायचे. हात तायडे सरांचा. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर मानधन, नाही तर बसा घरी. केस पिकले तरी तत्त्व काही बदललं नाही मेलं.

मी राज्यशास्त्राची, मूळची पुण्याची. वऱ्हाडीत ‘येऊन राहिलं’ म्हणजे ‘येत आहे’, हे मला त्यांनीच समजावलं. “आलं म्हनलं का माणूस त्याच्या जायाची वाट पायते, मॅडम. येऊन राहिलं म्हनलं का इचार करते, कोठून येऊन राहिलं, कोनं आनलं.”

एकदा त्यांच्या गावी, अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीला गेलो होतो. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानापुढे उत्सवाचा मंडप, वर पुढाऱ्याचा भलामोठा फ्लेक्स, आणि कालपर्यंत त्याच दुकानात कापड फाडणारी पोरं डीजेपुढे नाचत होती. सर म्हणाले, “बाजार, निवडणूक अन् डीजे, तिन्ही एकाच गावात रायतात. मंग तुमी लोकं त्याईले तीन खोल्यांत काहून शिकवता?”

निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. सर म्हणायचे, “येऊन राहिलो मंग!” आणि पिशवी सावरत अकोल्याच्या बसकडे चालू लागायचे.

मग एकदाची कायम जागेची मुलाखत निघाली. सरांचं वय पाहता ही शेवटचीच. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “सर, हात जोडते, आज तेवढा तो प्रश्न गिळा. शुद्ध बोला.”

“बरं बरं, मॅडम.”

दार नीट लागत नव्हतं. बाहेर सगळं ऐकू येत होतं. तज्ज्ञांनी विचारलं, “सध्या आलेल्या आर्थिक संकटाकडे आपण कसे पाहता?” गिळा, सर, गिळा, मी मनातल्या मनात म्हणत होते.

“सर, आलं, का येऊन राहिलं?”

या वेळी कुणी हसलं नाही. “आपल्याला प्रमाण मराठी येत नाही का?”

“येते ना, सर. लिवतो त्याच्यातच. पन हे त्याच्यात बसत नाई.”

जागा दुसऱ्याला मिळाली, आणि पुढच्या सत्रात सरांचे तासही गेले. शेवटच्या दिवशी त्यांना सोडायला स्टँडवर गेले, ती भांडायलाच. इतका राग आला होता मला, आणि त्याहून जास्त रडू. “काय बिघडलं असतं हो एक वाक्य सरळ बोलायला?”

“वर्गात पोराईले जे सांगतलं, ते नोकरीपुरतं कसं बदलू? अन् आता थकलो, मॅडम.” बसमध्ये चढून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. बस हलली. खिडकीतून हात हलवत ते म्हणाले, “जातो.”

“अहो, असं म्हणू नये!” मी बसबरोबर दोन पावलं चालले. “येतो म्हणा, सर!”

“खोटं काहून बोलू, मॅडम?”