आत्याबाईची जागा

टिल्याकडे चार घोडे होते आणि बसायचा मात्र तो त्यातल्या सगळ्यात मठ्ठ घोडीवर. त्याच्या ताईला हे कधी पटलं नाही.

ताई चाव्या बनवते. बाजाराच्या कोपऱ्यावर, बुटांच्या दुकानाच्या जिन्याखाली तिची जागा आहे. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेरच उभं राहायचं, एवढीशी. वडिलांच्या मागे हे दुकान तिनेच चालवलं. किल्ली हरवलेला माणूस आधी बायकोवर चिडतो, मग स्वतःवर आणि शेवटी चावीवालीवर, हे सगळं ऐकत ती पकडीत कोरी चावी घट्ट करते, कानस फिरवते, फुंकर मारून पितळेचा भुगा उडवते आणि म्हणते, "लावून बघा. अडली तर परत आणा." तिच्या हातची चावी सहसा अडत नाही. वय चाळिशीच्या पुढेमागे. लग्नाचं कोणी काढलं तर "आमच्या घरात आधीच एक राजकुमार आहे, दुसऱ्याची उठबस कोण करणार?" असं म्हणून विषय मिटवते.

राजकुमार म्हणजे टिल्या, तिचा धाकटा भाऊ. अंगाने ताडमाड, तरी नाव टिल्याच राहिलं. लहानपणापासून त्याचे स्नायू एकेक करून संपावर जात होते. आधी पाय गेले, मग पाठ. हात राहिले होते. पुढे काय होणार ते डॉक्टरांनी एकदा समोर बसवून सांगितलं होतं आणि त्यानंतर घरात त्यावर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

खिडकीपाशी त्याची उंच पाठीची खुर्ची, समोर टीव्ही, मांडीवर उशी आणि उशीवर खेळाचा रिमोट. खेळ मोठा होता. राज्य, पडके किल्ले, ओसाड घाट, डोंगरात दडून बसलेला राक्षस. चालत जायचं म्हटलं तर जन्म जाईल, म्हणून घोडा पाहिजेच. रानातला घोडा दबकत जाऊन पकडायचा, थोपटून शांत करायचा आणि तबेल्यात नोंदवायचा. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे चांदण्या असत: ताकदीच्या, वेगाच्या, दमाच्या. तबेल्यात जागा मात्र चारच. पाचवा आणायचा तर एकाला सोडून द्यावं लागे.

त्या मठ्ठ घोडीचं नाव आत्याबाई. रंगाने तपकिरी, पोट सुटलेलं, वेगाची एकच चांदणी. तिला हे नाव वडिलांच्या बहिणीवरून मिळालं होतं, कारण तीही कोणाचं ऐकायची नाही आणि स्वतःच्या चालीने बरोबर घरी पोचायची.

"अरे, तो पांढरा घे ना," ताई जेवण वाढता वाढता म्हणायची. "तीन चांदण्या आहेत त्याला. ही काय, वरातीतून हाकललेली वाटते."

"आत्याबाईला बोलायचं काम नाही."

"राक्षस म्हातारा होऊन मरेल तू पोचेपर्यंत."

"मग बरंच आहे. माझे कष्ट वाचतील."

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या घोडीला सफरचंदं चारतोस रोज, इथे दोन घास खायला तुझी किती मनधरणी करायची रे?"

असं चाललेलं असायचं. एकदा मात्र एका लांबच लांब माळावर आत्याबाई रमतगमत चाललेली असताना टिल्या वैतागून म्हणाला, "हिच्या चालीने मी इथेच म्हातारा होणार." आई हसली. ताई हसली नाही. टिल्या म्हातारा होणार नव्हता, हे तिला त्या खोलीत सगळ्यात जास्त माहीत होतं. ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं.

हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ साठला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. दिवसा आई त्याच्याजवळ, संध्याकाळी ताई. दुपारी दुकान बंद ठेवायच्या वेळात ताई घरी येऊन डबा करायची, आणि भाजी शिजेपर्यंतच्या मोकळ्या वेळात एक दिवस तिने तो रिमोट उचलला. टिल्याला घरी आल्यावर चांगला घोडा द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. तो पोचला पाहिजे. राक्षसापर्यंत, शेवटापर्यंत, जिथे कुठे पोचायचं असतं तिथपर्यंत.

सुरुवातीला ती झाडावर आपटायची, नदीत पडायची. पण हात कसबी होते. किती दाबायचं आणि कुठे सोडायचं हे बोटांना लवकर कळलं. खालच्या कुरणातले घोडे तिने पारखले आणि नापसंत केले. उत्तरेच्या घाटात काळ्या घोड्यांचा कळप होता. त्यातला सगळ्यात उमदा तिने हेरला. त्याने तिला लाथेने उडवलं, कड्यावरून खाली पाडलं, चकवून पळाला. एकदा तर भाजी करपली. शेवटी एका दुपारी तो तिच्या हाताखाली शांत उभा राहिला आणि पडद्यावर चांदण्याच चांदण्या झाल्या. रिकाम्या घरात ती एकटीच मोठ्याने म्हणाली, "आला की नाही सरळ?"

खेळातल्या तबेलेवाल्याने विचारलं, जागा नाही, कोणाला सोडायचं? तिने चौघांच्या चांदण्या पाहिल्या. सगळ्यात कमी कोणाच्या, हे उघडच होतं. नक्की ना, असंही त्याने विचारलं. ताईने नक्की म्हणून बटण दाबलं. आत्याबाई तबेल्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि वळूनही न बघता रानात निघून गेली.

टिल्या घरी आला. अर्धा झाला होता. खुर्चीत बसवून, उशी लावून ताईने टीव्ही सुरू केला.

"डोळे मीट. आता उघड."

"बाप रे!" टिल्या म्हणाला. "हा कोणाचा चोरलास?"

"पकडलाय. मी स्वतः."

"तू? चल, थापा!" तो खरोखर खूश झाला होता. तेवढ्यानेच ताई भरून पावली.

काळा घोडा सुसाट सुटला आणि पहिल्याच वळणावर पुलाच्या कठड्यावरून खाली गेला. टिल्या हसला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा घोडा दरीत कोसळला तेव्हा तो हसला नाही.

"भारीच आहे. सवय करायला पाहिजे. आज आत्याबाईवरच जातो."

त्याने तबेला उघडला. ताई त्याची उशी सारखी करायला लागली.

"ताई, आत्याबाई कुठाय?"

"जागा नव्हती रे. तूच म्हणाला होतास ना, तिच्या चालीने..."

"सोडलीस?"

"हो."

त्याने तबेल्यातली चारही नावं पुन्हा वाचली आणि म्हणाला, "बरं केलंस. तिलाही कंटाळा आला असेल माझा." आणि आईला टीव्ही बंद करायला सांगितला.

त्यानंतर त्याने रिमोट मागितला नाही. डोळे दुखतात म्हणाला, मग डोकं, मग कंटाळा. आईने मान्य केलं. ताईने नाही. तिने रिमोट त्याच्या हातात ठेवला आणि, गिऱ्हाइकाची झिजलेली चावी बघावी तशी, त्याची बोटं बघत उभी राहिली. रिमोट हळूहळू घसरत उशीवर आला. त्याने तो धरायचा प्रयत्नही केला नाही.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"हॉस्पिटलच्या आधीपासून?"

"हो."

"अरे, पण तू तर रोज खेळत होतास!"

"मी कुठे खेळत होतो?" टिल्या म्हणाला. "ती चालायची. आत्याबाई रस्ता सोडत नाही. एकदा अंगठा टेकवला की आपली आपण चालते, वळणावर वळते, पूल आला की सावकाश होते. मी नुसता बसायचो. तुम्हाला वाटायचं मी खेळतोय." मग म्हणाला, "मलाही वाटायचं."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू रिमोट घेऊन शेजारी बसली असतीस."

हे खरं होतं. खाऊ घालायला आई, अंघोळीला ताई, कूस बदलायला दोघी. त्या सगळ्यातून त्याने एक गोष्ट बाजूला काढून ठेवली होती, ज्यात कोणाला हाक मारावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानातून आली की आत्याबाईला शोधायला लागली. सोडलेला घोडा कळपात मिसळतो, नाव पुसलं जातं. कुरणं पालथी घातली. शेवटी एक तपकिरी घोडी मिळाली, तशीच थुलथुलीत, एका चांदणीची. टिल्याने बघितली.

"ही ती नाही. पण नात्यातली दिसते."

"शिकेल की ही."

"शिकेल. सगळ्याच शिकतात. पण आधी माणसावर विश्वास बसावा लागतो, फार फिरवावं लागतं. मला दोन वर्षं लागली होती."

ताईने फिरवली. रोज संध्याकाळी, चपला काढल्या की थेट टीव्हीसमोर. हातांना पितळेचा वास तसाच. टिल्या खुर्चीतून सांगायचा, "थोपट... ओढू नकोस... तिचं तिला ठरवू दे." त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. आवाज ऐकू यावा म्हणून आई पंखा बंद करायची.

उन्हाळा लागला तेव्हा एका संध्याकाळी ताईने वळणाआधी हात काढून घेतले आणि घोडी आपली आपण पुलाकडे वळली. पुलावर सावकाश झाली.

"आई, बघ!" ताई ओरडली. आई हात पुसत धावत आली. ताईने घोडी थांबवली, रिमोट टिल्याच्या उशीवर ठेवला आणि त्याचा अंगठा उचलून नीट जागेवर टेकवला.

"आता तू. फक्त टेकव, बाकी ती बघेल."

टिल्याने ओठ घट्ट मिटले. मानेची शीर ताठ झाली. घोडी उभीच होती, शेपटी हलवत. ताईने बऱ्याच वेळाने आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आणि हलकेच दाबला. घोडी निघाली.

"मी दाबलं का तू?" टिल्याने विचारलं.

"तूच की."

"बरं," तो म्हणाला. "आता काढ हात."

ताईने हात काढला. घोडी रस्त्याने चालत राहिली आणि तिघंही, कोणी कोणाकडे न बघता, तिच्याकडे बघत बसली.