मास्ट उतरवण्याचा हुकूम

रोह्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो आणि सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, भरती झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. खांबजवळच्या भात-वालाच्या शेतातून उठून मी जो काही झालो तो फौजेमुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं कडू आहे.

त्या उन्हाळ्यात आमची तुकडी पंजाबच्या सपाट मुलखात युद्धसरावाच्या एक्सरसाइजवर होती. माझ्याबरोबर नाईक हरेश्वर म्हात्रे. धरमतर खाडीकाठचा, मिठागरात वाढलेला. तो मला ‘वालवाले’ म्हणे, मी त्याला ‘मिठागरे’.

विजांच्या वादळाचा इशारा आला की अँटेनाचा उंच खांब, मास्ट, आडवा करायचा, वायरलेस सेटची केबल काढायची. वादळ सरलं की पुन्हा उभा करायचा. त्या आठवड्यात इशारा रोज यायचा आणि वादळ दुसरीकडेच जायचं. मास्ट आडवा झाला की वरिष्ठांशी संपर्क तुटे आणि बोलणी आमच्या सुभेदारसाहेबांना बसत.

“कोकणवाले बादल देखते ही लेट जाते हैं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. हरेश्वर हसला नाही.

त्या दुपारी पुन्हा इशारा आला. हरेश्वरने सेटवरून सुभेदारसाहेबांकडे मास्ट उतरवायची परवानगी मागितली.

“मास्ट खड़ा रहेगा. बादल सर पे आए, तब बोलना. ओवर.”

तो आमच्या सेटच्या गाडीबाहेर जाऊन पश्चिमेकडे बघत राहिला. काळा ढग दूर होता, आमच्यावर लख्ख ऊन.

“आपल्याकरं डोंगर हाय, त्याच्यावरून कलतं पाऊस कवरा लांब हाय,” तो म्हणाला. “इथं कशावरून सांगू?”

थोड्या वेळाने धुळीचा वारा सुटला. सेट बोलला, “मास्ट नीचे. जल्दी.”

“रॉजर, आउट,” मी म्हणालो.

मी केबल काढली आणि उतरू लागलो.

“वालवाले, तू आतच ऱ्हा. दोघं कशाला?”

तो मास्टला ताणून धरणाऱ्या तारा सोडायला धावला. वीज पडली तेव्हा पावसाचा एक थेंबही आला नव्हता.

चौकशीत नोंद झाली: इशारा वेळेवर मिळाला, मास्ट उतरवण्याचा हुकूम दिला गेला. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आता मी डोलवीला कंपनीत सिक्युरिटीच्या शिफ्ट करतो. गेल्या वर्षी हरेश्वरच्या गावात शहिदांचा दगड बसवायचं ठरलं. त्याचं नाव घाला, असं मी सरपंचांना हरेश्वरच्याच घरच्या ओटीवर बसून सांगितलं.

“भाऊ, तो लढाईत नाय ना गेला,” सरपंच म्हणाले. “वीज काय, आमच्या म्हशीवर पन परते.”

हरेश्वरची आई दारात बसली होती. ती सरपंचांकडे न बघता म्हणाली, “माझे पोराला नेला तवा कोनी इचारला नाय, कसा मरशील म्हनून.”

सरपंच उठून गेले. दगड बसला. त्यावर हे नाव नाही:

नाईक हरेश्वर म्हात्रे, सिग्नल्स. हुकूम मिळताच निघाला होता.