स्मार्टबोर्डचं ट्रेनिंग झालं, पेन मात्र काकांच्याच मुठीत

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

इथे जर्मनीत, आमच्या बोब्लिंगेनच्या शनिवारच्या मराठी शाळेला यंदा स्मार्टबोर्ड असलेली खोली मिळालीय. आज आम्हा चार नव्या शिक्षिकांना तो शिकवायला कुलकर्णी काका आले. काका म्हणजे गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. दोन तास, छप्पन्न स्लाइड्स! बोर्डाला बोट कसं कळतं, सेन्सर कुठे असतात, सगळं सांगून झालं. पेन मात्र काकांच्या मुठीत.

शेवटी मी म्हटलं, "अहो काका, एकदा आम्हाला लिहून बघू द्या ना!"

"आल्झो, म्हणजे असं बघा, आधी थिअरी पूर्ण होऊ दे. मग प्रॅक्टिकल."

थिअरी संपली तेव्हा एक वाजला होता आणि हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा केअरटेकर, किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा होता. इथे एक म्हणजे एक! खोली बंद. वर काकांनी "प्रशिक्षण पूर्ण" असं लिहिलेल्या कागदावर आमच्या सह्याही घेतल्या. पुढच्या शनिवारी समोर बारा मुलं असतील, आणि मी त्या बोर्डावर अजून साधी एक रेघही ओढलेली नाही.

घरी येताना बसमध्ये मी काकांच्या नावानं खडे फोडत होते. माझ्याच वर्गात असलेली माझी सात वर्षांची लेक शेजारी बसून सगळं ऐकत होती. नेहमीसारखं जर्मनमध्येच म्हणाली, "आई, गेल्या शनिवारी जुन्या खोलीत तूपण तासभर 'क' काढून दाखवत होतीस. खडू आम्हाला दिलाच नाहीस."



तुमच्या वर्गात खडू कुणाच्या हातात असतो हो?