हृदय म्हणजे पंप नव्हे

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या बसमध्ये होतो, त्यांच्याकडेच निघालो होतो. "गेले," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "येताना जास्तीचं दूध आणा, भाऊजी. लोक येतील." दादा गेल्याला आता दीड महिना होईल...

दादा, माझा थोरला भाऊ, कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायचा. रोमँटिसिझम हा त्याचा विषय आणि धर्मही. बुद्धी नुसती मोजमाप करते, सत्य भावनेलाच कळतं. निसर्ग हे यंत्र नाही, तो जिवंत आहे. माणसाने जगाचे नियम नव्हे, आपला आतला आवाज ऐकावा... हे तो इतकं सुंदर सांगायचा की कारखान्यात जन्म काढलेला मीसुद्धा भारावून जायचो. विद्यार्थ्यांना खडकवासल्याला नेऊन पाण्याकाठी तासभर गप्प बसवायचा. सगळ्यांचे डबे वहिनी पहाटे उठून करायच्या.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप निकामी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच शस्त्रक्रिया करून घ्या, बरे व्हाल. दादा हसला. "हृदय म्हणजे पंप नव्हे, डॉक्टर. आयुष्यभर हेच शिकवलं मी."

"दादा, ते पंपही आहे," मी म्हणालो.

"तू यंत्रंच पाहिलीस रे."

वहिनींना कोणी विचारलं नाही. त्यांचा आतला आवाज त्या घरात कधी कुणाला ऐकूच आला नव्हता. पुढे दादाचे पाय सुजले, आडवं झालं की जीव घुसमटायचा. तो बसून झोपायचा आणि त्याला टेकू म्हणून वहिनी पाठीमागे बसायच्या. त्या दिवसांत उदात्त असं मला काही दिसलं नाही. एकदा त्याने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "करू या ऑपरेशन." भीती हीसुद्धा भावनाच. पण आता शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शोकसभेत विद्यार्थी म्हणाले, सर स्वतःच्या अटींवर जगले आणि स्वतःच्या अटींवर गेले. एकाने वहिनींना हळूच विचारलं, "सरांचे शेवटचे शब्द काय होते?"

"पाणी गार आहे, म्हणाले," वहिनींनी सांगितलं.

परवा गेलो, तर दादाच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा होता. तिथून टेकडी दिसते म्हणून त्याने कधी पडदा लावू दिला नव्हता. दुपारभर खोली तापायची.

"टेकडी दिसत नाही आता," मी म्हणालो.

"मला कधी दिसली, भाऊजी? मी स्वयंपाकघरात असायचे," असं म्हणून वहिनींनी पंखा लावला आणि दादाच्या कॉटवर आडव्या झाल्या.