माईकचं टोपडं

बाबासो कुरणे साउंडवाला. कोल्हापुरात सिनेमाच्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, नाव आठवेल, चेहरा आठवायला वेळ लागेल. तो कायम कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, दोन्ही हातांनी बांबू उंच धरून उभा असायचा आणि बांबूच्या टोकाला माईक. मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. चहाच्या किटलीपासून बैलजोडीपर्यंत लागेल ते हजर करायचं आणि निर्माता माझ्यावर ओरडला की मी दुसऱ्या कुणावर तरी ओरडायचं, एवढंच माझं काम. बाबासोवर ओरडणं फार सोपं होतं. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. वयानं तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. हे मला पुष्कळ वर्षं खटकलंसुद्धा नाही, आता खटकून काय उपयोग.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या चित्रपटात लोकेशनवरचा आवाज कुणी ठेवतच नसे. कॅमेराच पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. नट काय बोलला ते नंतर कळावं एवढ्यापुरतं रेकॉर्डिंग व्हायचं, त्याला पायलट म्हणत. मग मुंबईला डबिंग स्टुडिओत नट पायलट ऐकत ऐकत तेच संवाद पुन्हा म्हणायचे. डबिंग आटोपलं की पायलट पुसायचा आणि त्याच टेपवर पुढचा चित्रपट. म्हणजे बाबासोनं दिवसभर उन्हात उभं राहून जे गोळा करायचं, ते पुसलं जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

तरी हा माणूस सामान कसं ठेवायचा! केबल गुंडाळायची तर एक वेटोळं सुलटं, एक उलटं, म्हणजे तारेला पीळ बसत नाही. दुसऱ्या कुणी गुंडाळली तर तो काही बोलायचा नाही, पण सगळी उलगडून पुन्हा गुंडाळायचा. बॅटरी जिभेला लावून चुरचुर किती होते त्यावर तिचं आयुष्य सांगायचा. बांबू चंदगडच्या रानातून स्वतः निवडून आणलेला, कारण कोवळा असला तर धरल्या हातात करकरतो. माईक एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या पुरचुंडीबरोबर. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की घरी तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. त्याची बायको म्हणायची, भाकरीचा तवा ह्यांच्या खड्यांनी अडवलाय. वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून माईकवर काळ्या स्पंजची टोपी असे. ती बाळाच्या टोपड्यासारखी दिसायची, म्हणून सगळं युनिट तिला टोपडंच म्हणायचं. दर रविवारी तो टोपडं धुऊन सावलीत वाळवायचा, आणि आम्ही विचारायचो, "बाबासो, बाळाला तीट लावली का?"

तो हसायचा. आम्ही पुसल्या जाणाऱ्या आवाजाचं कौतुक करणाऱ्या माणसाला हसत होतो, आणि तोही हसत होता.

हा माईक त्याचा स्वतःचा. बाकी रेकॉर्डिंग मशीन वगैरे भाड्यानं यायचं. मुंबईचे एक म्हातारे रेकॉर्डिस्ट धंदा सोडून आपलं सामान विकत होते, तेव्हा बाबासो मला बरोबर घेऊन गेला. टेबलावर तीन माईक होते. त्यानं कानाला हेडफोन लावला आणि मला कामाला जुंपलं. किल्ल्या वाजवा, कागद फाडा, "सासूच्या शिसवी संदुकीत" असं काहीतरी स-श चं बडबडत माझ्याभोवती फिरा. सगळ्यात लांब, बंदुकीच्या नळीसारखा माईक मला पसंत पडला. दिसायला भारी. बाबासोनं तो बाजूला ठेवला. "आपल्याकडची घरं ठेंगणी, सयाजीराव. ह्यो घरात गेला की भिंतीचा आवाज आदी पकडतोय, मानसाचा मागनं." त्यानं मधला, आखूड घेतला. त्यापायी घरची स्कूटर गेली आणि तो सायकलवर आला. लग्नातले कर्णे घेतले असते तर घर तरी चाललं असतं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

अठ्ठ्याण्णव साली त्यानं बायकोला आणि मुलीला आमचा एक चित्रपट दाखवायला आणलं. दीप्ती तेव्हा आठ वर्षांची. मध्यंतरात तिनं विचारलं, "पप्पा, ह्यातलं तुमचं कुठलं?" बाबासो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फुडं येतंय." उरलेला सिनेमा ती पोर कान टवकारून बसली होती. मी मागच्या रांगेत होतो. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. आयुष्यात एकदा, एका चित्रपटात, आपण धरलेला आवाज पडद्यावर राहायचा आणि तो दीप्तीला ऐकवायचा.

आता मुहूर्ताचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं.

चित्रपटाचा मुहूर्त म्हणजे पूजा आलीच. टेबलावर कॅमेरा, दिवे, माईक मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, त्याचं पाणी सगळ्यावर शिंपडायचं, आणि मग पहिला क्लॅप. कॅमेऱ्याला काही होत नाही, कुंकू त्याच्या पेटीला लावतात. माईकला मात्र तोंडच जाळीचं, कुंकू-पाणी सरळ आत. बाबासो बौद्ध. त्याच्या घरी असलं काही नव्हतं, पण सेटवर तो हात जोडून मागं उभा राहायचा, कधी तोंड वाकडं केलं नाही. एकदाच, नव्व्याण्णव साली, एका निर्मात्याच्या आईनं कुंकवाची चिमूट माईककडे नेली तेव्हा त्यानं हात आडवा केला. "आई, ह्याला नगो, पेटीला लावा." एवढंच. तो चित्रपट पडला. तो पडायच्याच लायकीचा होता, पण बोभाटा काय झाला? कुरण्यानं पूजेला हात आडवा केला. त्यांच्यात देव मानत न्हाईत. पुढं दीड वर्ष त्याला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. मला कारण माहीत होतं आणि ते खोटं आहे हेही माहीत होतं.

दोन हजार चारमध्ये पृथ्वीराज नावाचा एक तरुण दिग्दर्शक आला. त्याला डबिंग नको होतं. आवाज न करणारा कॅमेरा आणणार, चंदगडकडच्या एका घरात सगळं चित्रीकरण करणार, आणि तिथला आवाजच ठेवणार. साउंडला त्यानं बाबासोला विचारलं. बाबासोनं सायकलवरून उतरायच्या आधीच मला ही बातमी सांगितली. महिनाभर तो तयारी करत होता. सोल्डरिंग नवं, केबल नव्या, टोपडी दोन.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "सयाजीराव, एक काम हाय. उद्या वहिनीसाहेब पूजा करनार. माईकला कुक्कू आन् पानी लावू नगासा म्हनून तुमी सांगशीला न्हवं? मी बोललो तर परत त्येच व्हईल."

"सांगतो की," मी म्हणालो. "तू तोंड उघडू नगंस. माझ्यावर सोड."

निर्माते कृष्णात पाटील, आणि वहिनीसाहेब म्हणजे त्यांच्या पत्नी प्रियदर्शनी. बाई मनानं चांगल्या. भक्तिभावानं करत होत्या, त्यांना दोष देत नाही. पावसाळा नुकता सरत होता, ओसरीत ओल होती. मुहूर्ताच्या शॉटसाठी बाबासोनं माईक जोडून ठेवला होता, टोपडं घातलेला. मशीन चालू करून, हेडफोन लावून तो आवाजाची पातळी बघत होता. वहिनीसाहेब ताट घेऊन माईकपाशी आल्या.

"आणि ह्याला हे काय टोपडं घातलंय? काढा की."

सगळे हसले. बाबासोनं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. पाटील माझ्या खांद्यावर हात ठेवून नुकतेच म्हणाले होते की पुढचा चित्रपटही तुमच्याच हाती. एक वाक्य बोलायचं होतं. वहिनी, हे नाजूक आहे, पेटीला लावा. मीही पाटीलच, त्यांच्यातला. माझं त्यांनी हसत ऐकलं असतं, कुणी बोभाटा केला नसता. मी घसा खाकरला. आणि गप्प बसलो.

वहिनीसाहेबांनी स्वतःच टोपडं ओढून काढलं. जाळीवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वर ओंजळीतलं नारळाचं पाणी शिंपडलं. बाबासोनं हेडफोन काढून गळ्यात घातला.

पहिले दोन दिवस माईक बरा चालला. बाबासो दर मधल्या सुट्टीत तो उन्हात धरायचा, रंगाच्या बारीक ब्रशनं जाळी झाडायचा, खड्यांच्या डब्यात ठेवायचा. तिसऱ्या दिवशी संवादामागं बारीक फुटाणे फुटू लागले. त्यानं केबल बदलली, बॅटरी बदलली, हेडफोन बदलला, एका वेळी एकच वस्तू, त्याच्या पद्धतीनं. त्याला दोष कुठं आहे ते ठाऊक होतं, तरी सगळं बदलून पाहिलं. चौथ्या दिवशी त्यानं पृथ्वीराजला खरं सांगितलं. मुंबईहून दुसरा माईक यायला आठवडा लागणार होता आणि नटांच्या तारखा संपत होत्या. पाटील म्हणाले, "डबिंग करू की. आजवर काय करतोय?" पृथ्वीराज थोडा वेळ भांडला आणि मग डबिंगच्या तारखा विचारू लागला.

बाबासो शेवटच्या दिवसापर्यंत राहिला. त्या फुटक्या आवाजाचा पायलट त्यानं तसाच, टोपडं घालून, बांबू एक इंच न हलवता घेतला. मला ते बघवत नव्हतं. मी त्या दिवसांत त्याच्याशी जेवणाच्या वेळेशिवाय बोललो नाही. माफी मागायची तर कबूल करावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्यानं होईना. त्यानंतर त्यानं सिनेमाचं काम घेतलं नाही.

दोन हजार नऊमध्ये पेठ वडगावला गेलो होतो, तेव्हा बाजारपेठेत त्याचं दुकान दिसलं. घरगुती मिक्सर दुरुस्त करत होता; सेटवर आवाज जुळवायच्या पेटीलाही आम्ही मिक्सरच म्हणायचो. मी म्हणालो, "अजून मिक्सरच का?" म्हटलं जुन्यासारखी चेष्टा चालेल. तो हसला नाही, पण "या की, बसा," म्हणाला. मागंच घर. फळीवर तो पत्र्याचा डबा होता. मी उघडून पाहिला. माईक आत होता आणि खडे निळे होते. पाच वर्षं मेलेल्या माईकसाठी हा माणूस खडे भाजत होता.

मला राहवलं नाही. "बाबासो, त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं."

"व्हय," तो म्हणाला.

मग उठून त्यानं एक कॅसेट जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. "मशीन चालू हुतं त्या टायमाला. पुसायच्या आदी उतरवून घेतलं."

काय सांगू कसा आवाज होता तो. त्या ओल्या ओसरीचा कानाकोपरा ऐकू येत होता. पागोळ्या, वहिनीसाहेबांच्या बांगड्या, कुणाचा तरी श्वास. काढा की. हसणं. मग अगदी जवळ, माझ्या घशात आवंढा सरकतो तोही कळावा इतक्या जवळ, माझं खाकरणं. त्यानंतर शांतता. किती वेळ होती ती! तिथं असताना मला वाटलं होतं की बोलायला सवडच मिळाली नाही. इथं तर एवढी जागा होती की चार वाक्यं बसली असती. मग पाण्याचा आवाज, आणि खरखर.

दीप्ती चहा घेऊन आली होती. एकोणीस वर्षांची झाली होती, कॉलेजात जात होती. दारातच थांबून ऐकत होती.

"हे सगळं पप्पांचंच आहे," ती मला कौतुकानं म्हणाली. "मी पाठ केलंय. फक्त तो खाकरतो तो कोण, ते सांगत नाहीत."

बाबासोनं कॅसेट थांबवली आणि माझ्या हातात कप दिला.

"हाय कोन तरी," तो म्हणाला. "काय बोलला न्हाय, मग कसं वळकायचं?"