डाव्या चपला

चार वर्षं ज्या डॉक्टरांनी "पाय वाचवू, वाचवू" म्हटलं, त्यांनीच पाचव्या खेपेला एक्स-रे समोर धरला. म्हणाले, "हाड पुन्हा जोडता येईल, पण टिकेलच असं नाही. गुडघ्याखालून पाय काढला, तर नकली पायावर तुमची मुलगी चालेल. घाई नाही, विचार करा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हे आजच कसं सुचलं? यांच्या कानात कोणी फुंकलं?

माझ्या मुलीच्या डाव्या नडगीचं हाड जन्मापासून वाकडं. चालायला लागली तेव्हाच ते मोडलं आणि पुन्हा जुळलंच नाही. आधी प्लास्टरं, मग सळई, मग कमरेचं हाड काढून तिथे भरलं, मग बाहेरून लोखंडी कड्या. दहा वर्षांची पोर, कुबड्यांवर. शाळा निम्मी खाटेवरच झाली.

कळसाडीला परतताना एसटीत मी नवऱ्याकडे रोखून पाहत होते. हा माणूस केळीच्या बागेतही चारचौघांना विचारल्याशिवाय पाणी सोडत नाही. "तुम्हीच बोललात ना डॉक्टरांशी?" त्याने देवाची शपथ घेतली. मग संशय गेला नकली पाय बनवणाऱ्यावर. त्याचं दुकान नेमकं हॉस्पिटलच्या गेटासमोर! माझा स्वभावच असा, दुधवाल्याचंही माप मी दोनदा बघते.

पुरुषोत्तमनगरला एका मुलीचा डावाच पाय असा काढलेला होता. डॉक्टरांनी तिच्या घरच्यांना विचारून पत्ता दिला, वर म्हणाले, "फोन करून जा." फोन करून गेलं की माणसं हवं तेवढंच दाखवतात. मी न सांगता भर दुपारी गेले.

उंबऱ्याबाहेर चपला होत्या. हाक मारायच्या आधी मी मुलीच्या मापाचे सँडल उचलून उलटे केले. आमच्या घरी उजवी चप्पल झिजून फेकावी लागते आणि डावी कोरी राहते. अशा चार डाव्या मी ट्रंकेत जपून ठेवल्यात, पाय बरा झाल्यावर घालेल म्हणून. मापाला लहान झाल्या तरी मला टाकवत नाहीत. इथे दोन्ही टाचा सारख्याच झिजल्या होत्या. डाव्या तळाला तर शेतातला काळा चिखलही वाळून बसलेला.

"काकू, काय दखी ऱ्हायनात?"

ती मुलगी दारात उभी होती, दोन्ही पायांवर. मी चोरासारखी ओशाळले. ती हसून म्हणाली, "या ना घरमा."

घरी येऊन मी लेकीला सगळं सांगितलं, चिखलासकट. ती खाटेवर बसून ऐकत होती. मी म्हटलं, "पन डॉक्टरना कानमा हाई कोनी घालं, ते मी शोधी काढसू."

ती खाली मान घालून म्हणाली, "माय, कोनावर रागावू नको. डॉक्टरले मीच इचारं व्हतं. तू खाले चहा लेवाले गई व्हती तवय."

"काय इचारं?"

"पाय कापी टाका ते मी चालसू का?"

मी तिच्याजवळ खाटेवर बसले. "मंग माले कसाले नही सांगं?"

"तू त्या डाव्या चपला ठेवस ना," ती म्हणाली. "तुले वाईट वाटी म्हनीसन."